जुन्या मोटारीचा अँटेना

जुन्या मोटारीतला रेडिओ बोलता करायचा असे एखाद्या हौशी मालकाने मनावर घेतले, की त्याचे सगळे लक्ष रेडिओच्या पेटीवर असते. पेटी कुणाकडून तरी दुरुस्त करून आणायची, डॅशबोर्डमध्ये बसवायची, आणि शेवटी मेकॅनिकला सांगायचे, ‘तेवढी एरियल लावून टाक.’ बहुतेक वेळा घात होतो तो या ‘तेवढी’पाशी. मडगार्डला नको तिथे भोक पडते, रेडिओवर खरखरीशिवाय काही येत नाही, आणि मग चांगला चालणारा संच बिघडलेला ठरवून पुन्हा उघडला जातो. जुन्या गाड्यांच्या वायरिंगची कामे करताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे, की आता कुणी रेडिओ घेऊन आले तर आधी अँटेनाचे काय केले आहे ते विचारतो.

आपला समज असा असतो, की अँटेना म्हणजे ती चकचकीत कांडी. खरे तर कांडी, तिच्याखालचा गाडीचा पत्रा, रेडिओपर्यंत येणारी केबल आणि रेडिओच्या तोंडाशी असलेला एक छोटा स्क्रू, या चौघांचा मिळून अँटेना होतो. त्यातले एक बिनसले तर उरलेले तिघे काही करू शकत नाहीत.

हे असे का, ते समजण्यासाठी थोडे आकडे. जुना कार रेडिओ बहुधा मध्यम लहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा असतो. पुणे केंद्र आपण वर्षानुवर्षे ७९२ किलोहर्ट्झवर ऐकले. या लहरीची लांबी भरते सुमारे ३७९ मीटर. तिच्यासाठी बेतशीर अँटेना करायचा, तर तो लांबीच्या चतुर्थांश, म्हणजे जवळजवळ ९५ मीटर उंच लागेल. गाडीवर आपण लावतो ती कांडी जेमतेम मीटरभर. उलट एफएमची ९८ मेगाहर्ट्झची लहर घेतली, तर तिचा चतुर्थांश होतो पाऊण मीटर. म्हणून एफएम कशीही लावलेली कांडी गोड मानून घेते. मध्यम लहरींचे तसे नाही. तिथे कांडी मुळातच फार तोकडी असते आणि तिच्या हाती जो कणभर संकेत लागतो, तो वाटेत सांडू न देणे हेच सगळे काम.

आता हा संकेत सांडतो कुठे? मुख्यतः केबलमध्ये. शाळेत आपण धारकता शिकलो, ती इथे कामाला येते. वाटीभर पाणी उभ्या पेल्यात ओतले तर चांगले वरपर्यंत येते. तेच पाणी परातीत ओतले तर तळसुद्धा धड झाकत नाही. रेडिओला पाण्याची पातळी दिसते, पाणी किती आहे हे दिसत नाही. मीटरभर कांडीची धारकता साधारण दहा-पंधरा पिकोफॅरड, म्हणजे आपली वाटी. टीव्हीच्या केबलची धारकता दर मीटरला पन्नास ते सत्तर पिकोफॅरड. दीड मीटर केबल टाकली, की शंभरच्या घरातली परात तयार! मोटारीच्या अँटेनासाठी जी खास केबल मिळते, तिच्यात केसासारखी बारीक तार एका मोकळ्या नळीतून जाते. तारेभोवती बरीचशी हवाच असते. तिची धारकता मीटरला तीसच्या आसपास. दिसायला ती टीव्हीच्या केबलपेक्षा किरकोळ वाटते आणि म्हणूनच ‘जरा चांगली, जाड केबल टाकू या’ असे म्हणून काढून टाकली जाते.

एका गृहस्थांची साठच्या दशकातली फियाट ११०० माझ्याकडे आली होती. गाडी वडिलांची. डॅशबोर्डमधला रेडिओही त्याच वेळचा. वडील रोज सकाळी कामावर जाताना त्यावर बातम्या ऐकत, आणि मुलाला तेवढेच परत हवे होते. दोन ठिकाणी रेडिओ दाखवून झाला होता. एकाने आतले भाग बदलले होते. दुसऱ्याने संच निकालात काढून त्या जागी नवा, एफएमचा बसवायचा सल्ला दिला होता. त्यासाठी डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागणार होता, म्हणून मालक अडला होता. मी रेडिओला हात लावला नाही. अँटेनाची केबल काढून तिच्या जागी दीड-दोन मीटर साधी वायर रेडिओच्या सॉकेटात खोचली आणि तिचे टोक खिडकीतून बाहेर सोडले. पुणे केंद्र स्वच्छ लागले. म्हणजे संच ठणठणीत होता. मडगार्डखाली पाहिले तर टीव्हीची केबल, तीही चांगली तीन मीटर, गुंडाळी करून कोंबलेली. आणि अँटेनाचा तळ नव्या जाड रंगावर आवळलेला, त्यामुळे पत्र्याशी त्याचा संबंधच नव्हता. त्या संचाचा पत्ता अशा दोन फुटकळ गोष्टींनी कट होणार होता. ही खोचलेल्या वायरची परीक्षा कुणालाही करता येते. संचाला दोष देण्याआधी ती जरूर करावी.

जरा मागे जाऊन सांगतो, म्हणजे आपल्या गाडीला काय शोभेल हे ठरवणे सोपे जाईल. मोटारीत रेडिओ आला तो १९३०च्या सुमारास. अमेरिकेत शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी त्या वर्षी आपल्या स्टुडिबेकर गाडीत संच बसवून तो अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाबाहेर लोकांना ऐकवला. त्या संचाचे नाव मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचे छप्पर लाकडी चौकटीचे आणि मध्ये कापडाचे असे. त्या कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी अंथरली, की झाला अँटेना. बाहेरून काही दिसत नसे. पुढे जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांपासून सलग पोलादी छप्पर आणले आणि जाळी निरुपयोगी झाली, कारण पत्र्याच्या डब्यात लहर शिरेना. मग अँटेना पायफळीखाली, म्हणजे रनिंग बोर्डच्या खाली गेला. तिथे चिखल, दगड आणि पाणी. शेवटी तो मडगार्डवर उभा राहिला.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की भोक पाडण्याआधी गाडी कुठल्या सालची आहे ते पाहा. कापडी छपराच्या गाडीत छपराचे अस्तर बदलायचे काम निघाले असेल, तर त्याच वेळी जाळी घालून घ्या. जाळी छपराच्या पत्र्यापासून चारी बाजूंनी तीन-चार इंच अलग हवी, आणि केबल पुढच्या खांबातून खाली आणावी. पायफळी असलेल्या गाडीला तिच्याखाली रबरी आधारांवर नळी टांगता येते. आवाज मडगार्डच्या कांडीइतका येणार नाही, पण शहरात भागते. छपराच्या पन्हळीला चिमट्याने अडकवायचे अँटेनाही मिळतात; ते मला दिसायला आवडत नाहीत, पण त्यांचा गुण हा, की काढून टाकले की गाडी जशीच्या तशी.

हे ‘जशीच्या तशी’ आता केवळ हौसेपुरते राहिलेले नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट. अँटेनाचे एक भोक म्हणजे मोठा फेरफार नव्हे, असे मला वाटते. पण डॅशबोर्ड कापणे, छपराला छिद्र पाडणे, मडगार्डला चुकीचे भोक पाडून ते बुजवून शेजारी दुसरे पाडणे, असे करत गेलो तर मूळ रूप कुठे संपते हे आपले आपल्यालाच कळेनासे होते. बुजवलेल्या भोकाभोवती गंज धरतो, आणि रंगावरची ती पुळी जाणत्या नजरेला लांबूनही दिसते.

तेव्हा भोक पाडायचेच ठरले, तर एक दिवस नुसता मापे घेण्यात घालवा. इंजिनाच्या ज्या बाजूला इग्निशन कॉइल आणि डेल्को असेल, त्याच्या उलट बाजूचे मडगार्ड निवडा. बॉनेट आणि दार पूर्ण उघडून ते कांडीला लागत नाहीत ना, हे पाहा. मग मडगार्डच्या खाली शिरून अँटेनाची नळी किती खोल जाणार ते मोजा. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि गाडी खड्ड्यात दबली तर चाक किती वर येईल याचा अंदाज घेऊन जागा नक्की करा. वरच्या पत्र्यावर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा, म्हणजे ड्रिल घसरून रंगावर ओरखडा जाणार नाही. आधी बारीक छिद्र, मग हळूहळू मोठे. नळीच्या बहुतेक अँटेनांना वीस-बावीस मिलिमीटरचे भोक लागते, पण आपला अँटेना हातात घेऊन मोजल्याशिवाय ते पाडू नका.

भोकाची कच्ची कड प्रायमरने रंगवावी. मात्र खालच्या बाजूला, जिथे अँटेनाची दातेरी चकती पत्र्याला टेकते, तिथला रंग आणि डांबर खरवडून पत्रा चकचकीत करायचा. वरून कांडी इन्सुलेशनवर उभी असते, पण तिचा तळ आणि केबलची जाळी यांना गाडीच्या पत्र्याशी घट्ट नाते हवे. नट आवळल्यावर त्या जागी ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरून सगळे पहिल्यासारखे. नळीच्या खालच्या टोकालाही एका पट्टीने चासीचा आधार द्यावा. तो नसेल, तर खडबडीत रस्त्यावर कांडी हलून हलून मडगार्डच्या पत्र्याला चीर पडते.

केबल आत नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. आत शिरण्याआधी केबल थोडी खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या झोळापाशी गळून पडते, गाडीत येत नाही. सगळे झाल्यावर, पण रेडिओला जोडण्याआधी, साध्या मीटरने तीन गोष्टी तपासायच्या. कांडीचे टोक आणि प्लगची मधली पिन यांच्यात जवळजवळ शून्य ओहम यावे. प्लगची बाहेरची कड आणि गाडीचा पत्रा यांच्यातही तसेच. मधली पिन आणि बाहेरची कड यांच्यात मात्र काटा मुळीच हलता कामा नये. हलला तर कुठेतरी ओल आहे किंवा जाळीचा धागा आत टोचतो आहे. या तीन मापांना दोन मिनिटे लागतात, आणि मी ती कधीही टाळत नाही.

आता जरा धोक्याची गोष्ट. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, मॉरिस, ऑस्टिन, जॅग्वार वगैरेंमध्ये, बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. याला पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात. इटालियन घराण्यातली आपली फियाट ११०० मात्र निगेटिव्ह अर्थची. आजचा कुठलाही रेडिओ निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेला असतो. त्याची लोखंडी पेटी म्हणजेच निगेटिव्ह. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो बसवताना काही हुशार मंडळी पेटीभोवती रबर लावून ती पत्र्यापासून अलग करतात, वायरी उलट जोडतात आणि निश्चिंत होतात. पण अँटेनाचा प्लग आत सरकवला, की केबलची जाळी एका टोकाला रेडिओच्या पेटीला आणि दुसऱ्या टोकाला मडगार्डच्या पत्र्याला टेकते. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह थेट एकमेकांना भिडले! नशीब असेल तर फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर ती जाळीच तापून लाल होते, आणि जुन्या गाडीत तिच्या शेजारी असते सुती वेष्टणाचे, तेल प्यायलेले, पन्नास-साठ वर्षांचे वायरिंग. पुढचे सांगायला नको. अशा गाडीला त्याच जातीचा जुना संच शोधावा. पुष्कळ जुन्या संचांत अर्थ बदलण्याची सोय असते. नाहीतर ज्याची आत जाणारी आणि बाहेर येणारी बाजू एकमेकींपासून पूर्ण अलग आहे असा कन्व्हर्टर वापरावा.

गाडी कुठल्या अर्थची, हे पुस्तकात वाचून ठरवू नका. मधल्या काळात कुणी बदल केला असू शकतो. बॅटरीची कुठली वायर पत्र्याला जाते ते डोळ्यांनी पाहा आणि मीटरने खात्री करा. व्होल्टही पाहून घ्या. महायुद्धाच्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. आणि हो, काम सुरू करताना बॅटरीची अर्थची वायर पहिल्यांदा काढायची आणि शेवटी जोडायची. रेडिओची वीज जुन्या वायरला टाचणी टोचून घेऊ नका. तिला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज द्या.

राहिला तो छोटा स्क्रू. याला ट्रिमर म्हणतात. रेडिओच्या बाजूला, बहुधा अँटेनाच्या सॉकेटाजवळ किंवा समोरच्या बटणामागे तो लपलेला असतो. कांडी आणि केबल यांची मिळून जी धारकता झाली, तिच्याशी रेडिओचे सूर जुळवण्याचे काम त्याचे. अँटेना किंवा केबल बदलली की तो पुन्हा लावावा लागतो, आणि नेमके हेच कुणी करत नाही. पद्धत सोपी आहे. गाडी विजेच्या तारांपासून दूर मोकळ्यावर न्या, इंजिन बंद ठेवा, कांडी पूर्ण वर करा. डायलच्या वरच्या टोकाकडे, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एखादे क्षीण केंद्र शोधा. जवळचे, खणखणीत केंद्र नको, कारण तिथे फरक कळत नाही. केंद्र सापडले नाही तर नुसती पार्श्वभूमीची खरखर चालते. लहान पेचकसाने स्क्रू हलकेच फिरवा. एका जागी आवाज एकदम भरून येतो, तिथे थांबा. हे काम दिवसा करावे. रात्री लांबची केंद्रे वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात आणि त्यांचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो. ते आपल्या स्क्रूमुळे झाले असे वाटून फसगत होते. स्क्रू पूर्ण आवळला किंवा पूर्ण सैल केला आणि तरी आवाज भरून येत नसेल, तर केबल चुकीची आहे असे खुशाल समजा.

आता इंजिन सुरू करा. सगळे गाणे खरखरीत बुडाले, तर निराश होऊ नका, आधी अँटेनाचा प्लग काढून पाहा. खरखर थांबली तर ती कांडीतून येते आहे. चालूच राहिली तर विजेच्या वायरमधून. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक इग्निशनची असते. प्लगच्या आणि कॉइलच्या वायरींना सप्रेसर लावल्याने ती बरीच कमी होते. शिट्टीसारखा चढता सूर डायनामोचा. त्याच्या मोठ्या, वीज बाहेर देणाऱ्या टोकाला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून त्याची बॉडी अर्थ करा. डायनामोच्या लहान, फील्डच्या टोकाला हा कंडेन्सर कधीही लावू नये, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. तसाच एक कंडेन्सर कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला. डेल्कोकडच्या टोकाला नव्हे, तिथे लावला तर इंजिनच कुरकुरू लागेल. बॉनेटच्या बिजागऱ्या गंजलेल्या असतील, तर बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची पट्टी जोडा. एवढ्याने पुष्कळदा काम होते. व्हॉल्व्हचा संच असेल, तर त्याच्या आतला व्हायब्रेटर थोडा गुणगुणणारच. ती त्याची जात आहे.

एक गमतीचा आवाज आहे. गाडी कोरड्या रस्त्यावर पळत असताना खरखर, आणि इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू दिली तरी खरखर. हा पुढच्या चाकांत साठणाऱ्या स्थितिक विजेचा. बेअरिंगमधले ग्रीस वीज पत्र्यात उतरू देत नाही. त्यासाठी जुन्या अमेरिकन गाड्यांच्या हबकॅपमध्ये एक लहानशी स्प्रिंग असे, तिचे टोक स्थिर आसाला टेकलेले. पाऊस पडला की हा आवाज आपोआप जातो.

पावसाळ्यात मात्र कांडीची काळजी घ्यावी लागते. नळीच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्र असते, ते चिखलाने बुजते. मेअखेरीस एकदा तारेने मोकळे करावे. कांडी आत ढकलण्याआधी कोरड्या फडक्याने पुसावी, आणि महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. ग्रीस लावू नये, त्याला धूळ चिकटून कांडी मधेच अडकते.